टेरिलीन, रिॲक्टिव्ह रंग आणि सुरकुती न पडणारं कापड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यात, नव्याने लागलेले, वस्त्ररसायन शिकणारे आणि कपाटातल्या जुन्या टेरिकॉटबद्दल कुतूहल असलेले, अशा तिन्ही प्रकारच्या वाचकांचे प्रश्न इथे आहेत. साधारण १९४० ते १९६५ या काळात लागलेल्या शोधांवर आजचा सगळा डाईंग-फिनिशिंगचा (रंगवणं आणि त्यानंतरच्या प्रक्रिया) धंदा उभा आहे. खाली दिलेली प्रमाणं सुरुवातीसाठी आहेत. रंग पुरवणाऱ्याचं शेडकार्ड वेगळं सांगत असेल तर ते पाळा, आणि लॉट मशीनमध्ये घालण्याआधी १० ग्रॅम कापडावर चाचणी घ्याच.

त्या पंचवीस वर्षांत असं नवीन काय घडलं?

कापसाच्या रेणूवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. हे कापसाचे हात समजा. याच हातांनी तो पाणी धरतो, रंग धरतो, आणि याच हातांमुळे चुरगळतो. पॉलिस्टरला, म्हणजे टेरिलीनला, असे हात जवळपास नाहीतच. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरतो, नायलॉन ४ टक्के आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्या काळातले बहुतेक शोध या दोन टोकांमधले आहेत: बिनहाताच्या धाग्यात रंग कसा शिरवायचा, हात असलेल्या धाग्याला रंग कायमचा कसा बांधायचा, आणि नको तिथे ते हात एकमेकांत कसे अडकवून टाकायचे.

टेरिलीनचा शोध कोणाचा? नायलॉनवाल्या कॅरोदर्सला पॉलिस्टर का साधलं नाही?

ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत वॉलेस कॅरोदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आधी पॉलिस्टरच बनवले होते. पण त्यांनी घेतलेली आम्लं सरळ साखळीची होती. त्यांचे धागे कमी तापमानाला वितळायचे आणि गरम पाण्यात तुटायचे. इस्त्रीला आणि धुण्याला न टिकणारा धागा काय कामाचा? म्हणून तो गट पॉलिअमाइडकडे वळला आणि फेब्रुवारी १९३५ मध्ये नायलॉन ६,६ हाती आलं.

ही वाट पुन्हा धरली जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी, १९४१ साली, लँकेशायरमध्ये कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. त्यांनी सरळ साखळीच्या आम्लाऐवजी टेरेफ्थॅलिक आम्ल घेतलं. त्यातलं बेंझिनचं कडं साखळीला ताठ करतं, त्यामुळे वितळणबिंदू २५५ ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत चढला. कॅलिको प्रिंटर्स ही मुळात कापड छापणारी कंपनी, धागा बनवणारी नव्हे. युद्धामुळे पेटंट काही वर्षं गुप्त ठेवलं गेलं. पुढे आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीने टेरिलीन आणि ड्युपाँटने डेक्रॉन या नावाने उत्पादन केलं.

टेरिलीन, टेरीन, डेक्रॉन, टेरिकॉट हे सगळं एकच का?

पहिली तीन एकाच धाग्याची व्यापारी नावं. ‘टेरीन’ हे भारतातलं, १९६० च्या दशकात ठाण्यात तयार होऊ लागलेल्या पॉलिस्टरचं. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि कापसाचं मिश्रण, आपल्याकडे बहुधा ६७:३३. लोकरीबरोबर मिश्रण केलं की टेरिवूल. बोलताना लोक सगळ्यालाच ‘टेरिलीन’ म्हणतात. पण रंगवताना हा फरक जीवघेणा ठरतो, म्हणून ताका हातात आला की आधी मिश्रण तपासा. रीत पुढे दिली आहे.

पॉलिस्टर १३० अंशांवरच का रंगवतात? उकळत्या पाण्यात का नाही?

पॉलिस्टरचे रेणू घट्ट रचलेले असतात. साधारण ७० ते ८० अंशांपुढे ते थोडे हलू लागतात आणि मध्ये फटी पडतात. पण १०० अंशांवर या फटी इतक्या लहान आणि इतक्या कमी असतात की गडद शेडला पुरेसा रंग आत जात नाही. १३० अंशांवर शिरकाव कितीतरी पटींनी वाढतो.

इथे लागणारे डिस्पर्स रंग पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. ते १९२० च्या दशकात ॲसिटेट रेयॉनसाठी बनले होते, पुढे पॉलिस्टरला तेच कामी आले. रंग पाण्यात बारीक कणांच्या रूपात तरंगतो, थोडा थोडा विरघळतो आणि धाग्याच्या आत जाऊन बसतो. थंड झाल्यावर दार बंद होतं. इथे कुठलाही रासायनिक बंध नाही, रंग आत कोंडला गेलेला असतो इतकंच. म्हणूनच तो पक्का असतो आणि म्हणूनच जास्त उष्णता दिली की बाहेरही पडतो.

डिस्पर्स डाईंगची साधी कृती सांगा.

जेट मशीन (कापड दोरासारखं फिरवणारं दाबाचं यंत्र), कापड १०० किलो, पाणी १:१० म्हणजे १००० लिटर, शेड मध्यम, कापडाच्या वजनाच्या २ टक्के रंग.

५० अंशांवर पाण्यात डिस्पर्सिंग एजंट १ ग्रॅम प्रति लिटर घाला. ॲसेटिक आम्लाने पीएच ४.५ ते ५ करा. २ किलो रंग ४०-५० अंशांच्या पाण्यात कालवून, गाळून सोडा. उकळतं पाणी ओतू नका, कण एकत्र येऊन गुठळ्या होतात आणि त्याच गुठळ्या नंतर कापडावर ठिपके म्हणून दिसतात. ८० अंशांपर्यंत तापमान जरा वेगाने चढवलं तरी चालतं. ८० ते १३० हा टप्पा मात्र मिनिटाला एक ते दीड अंशानेच. रंगाचा मोठा हिस्सा ९० ते १२० अंशांच्या दरम्यान धाग्यावर चढतो. इथे घाई केली की दोराच्या बाहेरच्या घड्या गडद, आतल्या फिक्या. १३० वर ३० ते ४५ मिनिटं ठेवा, मग हळूहळू ८० पर्यंत उतरवा. धसकन थंड केलं तर बसलेल्या घड्या स्टेंटरवरही (कापड ताणून गरम हवेत सुकवणारं यंत्र) निघत नाहीत.

त्यानंतर रिडक्शन क्लिअरिंग: कॉस्टिक (सोडा) २ ग्रॅम, हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) २ ग्रॅम प्रति लिटर, ७०-८० अंश, २० मिनिटं. पृष्ठभागावर चिकटलेला रंग यात तुटतो. शेवटी गरम पाणी, थंड पाणी, ॲसेटिकने उदासीन.

१३० अंशांवर यंत्रात वातावरणाच्या वर सुमारे १.७ बार दाब असतो. काटा शून्यावर येऊन तापमान ८० च्या खाली उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. याला अपवाद नाही.

काळ्या आणि नेव्ही कापडावर पांढरट भुकटी बसते. साबणाने जात नाही. काय आहे हे?

ऑलिगोमर. पॉलिस्टर बनताना तीन-तीन एककांची छोटी कडी तयार होऊन धाग्यातच राहून जातात. १३० अंशांवर ती पाण्यात उतरतात आणि पाणी थंड होताना कापडावर, यंत्राच्या भिंतीवर, पंपात स्फटिक होऊन बसतात. गडद शेडला जास्त वेळ लागतो म्हणून कडीही जास्त बाहेर येतात, आणि काळ्यावर पांढरं उठून दिसणारच. यंत्रात उच्च तापमानालाच पाणी सोडायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर १३० वरचा वेळ उगाच वाढवू नका, क्लिअरिंग नीट करा आणि यंत्र ठरावीक लॉटनंतर कॉस्टिक-हायड्रोने १३० अंशांवर रिकामं चालवून धुवा. हे धुणं चुकवलं की पुढच्या लॉटवर मागच्या लॉटची भुकटी येते.

कॅरियर वापरून उकळत्या पाण्यात रंगवण्याची जुनी पद्धत चालेल का?

चालते, पण करू नये. दाबाची यंत्रं यायच्या आधी ऑर्थोफिनाइलफिनॉल, बायफिनाइल, क्लोरोबेंझिनं, मिथाइल सॅलिसिलेट अशी रसायनं धागा फुगवण्यासाठी घालत. वास उग्र, कारागिराच्या फुप्फुसाला आणि सांडपाण्याला वाईट, आणि कापडात थोडं जरी राहिलं तरी रंगाचा उन्हातला पक्केपणा घसरतो. लोकर मिसळलेल्या मालाला १३० अंश सोसत नाहीत, तिथेच त्याचा थोडाफार विचार होतो.

स्टेंटरमधून आल्यावर शेड बदलते आणि चिमणीतून रंगीत धूर येतो. चूक कुठे?

रंगाच्या निवडीत. लहान रेणूंचे डिस्पर्स रंग १७०-१८० अंशांपुढे सरळ वाफ होऊन उडतात. हीट-सेटिंग, म्हणजे उष्णतेने कापडाचं माप पक्कं करणं, १८० ते २१० अंशांवर, २० ते ४० सेकंद होतं, तेव्हा हे कमी ऊर्जेच्या गटातले रंग तिथे टिकत नाहीत. पर्याय दोन. कापड आधी सेट करून मग रंगवा, किंवा उच्च ऊर्जेच्या गटातले, मोठ्या रेणूंचे, रंग घ्या.

मजा अशी की याच उडण्यावर एक पद्धत उभी आहे. १९४९ मध्ये ड्युपाँटने आणलेल्या थर्मोसॉलमध्ये रंग पॅड करून (कापड द्रावणात बुडवून रोलरमध्ये पिळून), सुकवून २०० ते २२० अंशांवर मिनिट-दीड मिनिट तापवतात. पाण्याऐवजी कोरड्या उष्णतेनेच रंग आत जातो. टेरिकॉटच्या लांबलचक लॉटला अजूनही ती परवडते.

रिॲक्टिव्ह रंगांचं एवढं कौतुक का?

कारण त्याआधी कापसावर रंग चिकटत होता किंवा आत अडकत होता, जोडला जात नव्हता. नुसते चिकटणारे डायरेक्ट रंग धुतल्यावर उतरत. आत अडकणारे व्हॅट रंग पक्के, पण महाग आणि करायला किचकट. मँचेस्टरजवळ ब्लेकली इथे आयसीआयमध्ये विल्यम स्टीफन आणि इयान रॅटी यांनी १९५४ मध्ये दाखवलं की सायन्युरिक क्लोराइडपासून केलेला रंग सौम्य अल्कलीत, साध्या तापमानाला कापसाच्या हायड्रॉक्सिलशी सहसंयुजी बंध, म्हणजे पक्की रासायनिक जोड, करतो. स्टीफनने हे रंग लोकरीसाठी जुळवले होते, कापसावर अल्कलीबरोबर ते चालतात हे रॅटीच्या कामातून पुढे आलं. १९५६ मध्ये पिवळा, लाल आणि निळा असे तीन प्रोसियन रंग बाजारात आले. पर्किनच्या जांभळ्याला, म्हणजे पहिल्या गाजलेल्या कृत्रिम रंगाला, तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी होएख्स्टचे रेमाझॉल आणि सिबाचे सिबाक्रॉन आले.

तोवर सगळ्यांचा समज होता की आजूबाजूला एवढं पाणी असताना रंग पाण्याशीच जुळेल, कापसाच्या वाट्याला काही येणार नाही. प्रत्यक्षात रंग धाग्याकडे ओढला जातो आणि अल्कलीत कापसाचे हात जास्त तत्पर होतात, म्हणून बाजी कापसाकडे झुकते. तरी पाणी आपला वाटा घेतंच, आणि रिॲक्टिव्हची पुढची सगळी डोकेदुखी त्या वाट्याचीच आहे.

कापसासाठी रिॲक्टिव्हची कृती?

६० अंशांवर चालणारे रंग, १०० किलो कापड, १००० लिटर पाणी, ३ टक्के शेड. रंग ३ किलो, मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट ६० किलो, सोडा ॲश (धुण्याचा सोडा) २० किलो.

आधी पाणी. बोअरवेलचं जड पाणी तसंच घेतलं तर सोडा ॲश पडताच कॅल्शियम कार्बोनेटचा साका होतो आणि कापडावर राखाडी डाग येतात. कडकपणा ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भाग) खाली आणा, वर सिक्वेस्टरिंग एजंट (जडपणाचे क्षार धरून ठेवणारं द्रव्य) १ ग्रॅम प्रति लिटर. आता कापड. ग्रे, म्हणजे मागावरून आलेल्या कोऱ्या, कापडावरची कांजी पूर्ण निघालेली हवी. आयोडीनचा थेंब टाका, निळं झालं तर कांजी आहे. आणि ब्लीचिंगनंतरचं हायड्रोजन पेरॉक्साइड उरलं असेल तर तेही मारा. नाही तर रंगाचा काही भाग तेच खाऊन टाकतं आणि दोष मात्र रंगाच्या कंपनीला जातो.

रंग सोडा, १० मिनिटं फिरू द्या. मीठ तीन हप्त्यांत, अर्ध्या तासात. तापमान ६० करा, आणखी २० मिनिटं. मगच सोडा ॲश विरघळवून, आधी थोडा, मग जास्त, अशा चढत्या डोसात ३० मिनिटांत. पीएच १०.५ ते ११ व्हायला हवा. त्यानंतर ४५ ते ६० मिनिटं.

सोडा लवकर पडला किंवा एकदम पडला की जिथे तो आधी पोचतो तिथे रंग तत्क्षणी बांधला जातो आणि मग हलत नाही. असा डाग दुरुस्त होत नाही, शेड उतरवून पुन्हा रंगवावी लागते.

धुताना रंग सुटतच राहतो. बंध पक्का असतो ना?

जो बांधला गेला तो पक्काच. सुटतोय तो पाण्याशी जुळून निकामी झालेला रंग. तो धाग्यावर डायरेक्ट रंगासारखा नुसता टेकून बसलेला असतो. घातलेल्या रंगापैकी साधारण ६० ते ८० टक्केच बांधला जातो, बाकीचा काढायचं काम धुलाईचं. क्रम महत्त्वाचा: आधी थंड पाण्याने मीठ काढा, ॲसेटिकने पीएच ७ च्या आसपास आणा, मग ९५ अंशांवर १५ मिनिटं साबण, गडद शेडला दोनदा, मग गरम पाणी. मीठ असताना उकळलात तर मीठच निकामी रंगाला धाग्यावर धरून ठेवतं. अल्कली असताना उकळलात तर बांधलेला रंगही सुटू लागतो.

तपासायचं कसं? कापडाचा तुकडा ओला करा, दोन पांढऱ्या सुती तुकड्यांमध्ये ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर रंग उमटला तर अजून एक साबण.

बरेच जण वेळ वाचवायला फिक्सिंग एजंट मारून मोकळे होतात. त्याने न सुटलेला रंग तात्पुरता दाबला जातो, ग्राहकाच्या तिसऱ्या-चौथ्या धुण्यात पुन्हा वर येतो.

१०० किलो कापडाला ६० किलो मीठ? हे जातं कुठे?

सगळंच्या सगळं सांडपाण्यात. मीठ धाग्यात राहत नाही. पाण्यात कापूस आणि रंग दोन्हींवर ऋण भार असतो, मीठ ते परस्परांना ढकलणं कमी करतं, बस. जैविक प्रक्रियेने सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कमी होते, मीठ होत नाही. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे बाष्पीभवन लागतं, आणि त्याचा खर्च छोट्या युनिटला झेपत नाही. इचलकरंजी असो वा सोलापूर, सामायिक प्रक्रिया केंद्रांची दुखती नस हीच.

मीठ कमी करायचे दोन खरे मार्ग: पाणी कमी, म्हणजे १:१० ऐवजी १:६, कारण प्रमाण लिटरवर ठरतं, किंवा कोल्ड पॅड बॅच. यात रंग, सोडियम सिलिकेट आणि कॉस्टिक पॅड करून कापड रोलवर गुंडाळतात, प्लॅस्टिक लपेटून १२ ते १६ तास सावकाश फिरत ठेवतात. मीठ शून्य, वाफ शून्य. रंग आणि अल्कली मात्र पॅडरच्या तोंडाशीच मिसळायची. आधी कालवून ठेवलीत तर रंग भांड्यातच मरतो.

छपाईत गोंद किंवा स्टार्च का चालत नाही?

कारण स्टार्चलाही कापसासारखेच हात आहेत. रंग स्टार्चशी जुळतो, धुताना अर्धा रंग निघून जातो आणि उरलेल्या स्टार्चमुळे कापड पुठ्ठ्यासारखं लागतं. म्हणून समुद्री शेवाळातून मिळणारं सोडियम अल्जिनेट. त्याच्यावरचे ऋण भार रंगाला दूर ठेवतात. पेस्टमध्ये युरिया १०० ते २०० ग्रॅम प्रति किलो असतो, तो वाफेतला ओलावा धरतो.

टेरिकॉट एकाच पाण्यात रंगवता येईल का?

नेहमीची खात्रीची वाट दोन पाण्यांची: आधी डिस्पर्सने पॉलिस्टर, मग क्लिअरिंग, मग रिॲक्टिव्हने कापूस. उलट केलं तर बहुतेक रिॲक्टिव्ह १३० अंशांत आणि आम्लात मार खातात, आणि उरलेल्यांचा हायड्रो खुर्दा करतो. शेड जुळवताना पॉलिस्टरचा भाग थोडा गडद ठेवा. कापूस झिजतो, पॉलिस्टर झिजत नाही. दोन्हींचा रंग वेगळा असला तर वर्षभरात कॉलरच्या काठावर तो फरक दिसतो.

‘वॉश अँड वेअर’ मागे कोणतं रसायन आहे?

कापूस चुरगळतो कारण दुमडल्यावर शेजारच्या साखळ्या सरकतात, जुने हायड्रोजन बंध सुटतात आणि नव्या जागी बसतात. साखळ्या आधीच एकमेकींना बांधून टाकल्या तर दुमड सरळ व्हायला बघते. १९२६ मध्ये मँचेस्टरच्या टूटल कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी युरिया-फॉर्माल्डिहाइडने हे साधलं. युद्धानंतर घरी धुऊन बिनइस्त्री घालायच्या सिंथेटिक कपड्यांनी सुती बाजार खायला सुरुवात केली, तेव्हा न्यू ऑर्लिन्समधल्या अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेने हा विषय हातात घेतला. रूथ बेनेरिटो यांचं क्रॉसलिंकिंगचं काम तिथलंच. साखळ्या बांधणाऱ्या अशा द्रव्याला रेझिन म्हणतात. आज सगळीकडे वापरतात ते रेझिन म्हणजे डीएमडीएचईयू (डायमिथिलॉल डायहायड्रॉक्सी इथिलीन युरिया).

याची किंमत असते ती मजबुतीची. बांधलेला धागा ताण वाटून घेऊ शकत नाही. शंभर टक्के सुतीची फाटण्याची ताकद ३० ते ५० टक्के घसरू शकते. टेरिकॉट इतकं चाललं त्याचं हे खरं कारण. रेझिन कापसाला ताठ ठेवतं, पॉलिस्टर कापड फाटू देत नाही.

रेझिन फिनिशची प्रमाणं आणि नेहमीच्या चुका?

टेरिकॉट शर्टिंगला: बाजारात मिळणारं डीएमडीएचईयूचं द्रावण ४०-५० ग्रॅम, उत्प्रेरक म्हणून मॅग्नेशियम क्लोराइड ८-१२ ग्रॅम, पॉलिएथिलीन सॉफ्टनर २० ग्रॅम प्रति लिटर. पीएच ५ ते ५.५. पिकअप (कापडाने उचललेलं द्रावण) ६० ते ६५ टक्के. ११०-१२० अंशांवर सुकवा, १५० वर ४ मिनिटं क्युअर, म्हणजे तापवून रेझिन पक्कं करा. शुद्ध सुतीला रेझिन दुप्पट लागतं.

सुकवण वेगाने झाली तर रेझिन पृष्ठभागाकडे सरकतं: हाताला खरखरीत, आणि सुरकुत्या तशाच. उत्प्रेरक जास्त झाला किंवा तापमान चढलं तर आम्लाने कापूस जळतो, कापड नखाने टरकन फाटतं. कमी क्युअर झालं तर पहिल्या धुण्यात फिनिश नाही. कापडाला माशासारखा वास येत असेल तर अमोनियम क्षाराचा उत्प्रेरक वापरला आहे का बघा. त्यातून अमाइन तयार होतात. मॅग्नेशियम क्लोराइडवर या आणि सोडा ॲश-साबणाचं एक धुणं द्या.

जुना बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट ब्लीचिंग पावडरनंतर पिवळा पडला आणि इस्त्रीखाली विरला. का?

जुन्या युरिया-फॉर्माल्डिहाइडमधला नायट्रोजन क्लोरीन धरून ठेवतो. इस्त्रीच्या उष्णतेत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि ते कापूस खातं. डीएमडीएचईयूत हा दोष बराच कमी. तरीही रेझिन असलेल्या पांढऱ्याला क्लोरीनचं ब्लीच नकोच.

नव्या शर्टाने डोळे चुरचुरतात. फॉर्माल्डिहाइड का?

शक्य आहे. बंध न झालेलं किंवा दमट हवेत सुटलेलं फॉर्माल्डिहाइड कापडात असू शकतं. ओको-टेक्स या कापड-सुरक्षा प्रमाणपत्राच्या मर्यादा लहान बाळांच्या कपड्यांना सगळ्यात कडक, अंगाला लागणाऱ्या कपड्यांना ७५ पीपीएम आणि न लागणाऱ्यांना त्याहून सैल अशा आहेत. ते पाण्यात विरघळतं, तेव्हा नवा कपडा एकदा धुऊन उन्हात नाही, तर वाऱ्यावर वाळवा आणि मगच घाला. नेमका आकडा हवा असेल तर मुंबईत घाटकोपरची बीट्रा किंवा वरळीची सासमिरा, या वस्त्रसंशोधन संस्थांकडे जा.

नीळ आणि टिनोपाल एकच काम करतात का?

दिसायला तसंच, आतून अगदी वेगळं. नीळ पिवळेपणावर निळा रंग चढवते, म्हणजे कापडावरून येणारा उजेड कमीच करते. टिनोपाल हे गायगी कंपनीचं नाव, आपल्याकडे ते सगळ्याच ब्राइटनरना (शुभ्रता वाढवणाऱ्या द्रव्यांना) चिकटलं. ही स्टिल्बीन गटातली द्रव्यं अतिनील किरण शोषून निळा उजेड परत टाकतात, म्हणजे कापड खरोखर जास्त उजेड देतं. म्हणून उन्हात लखलखतं आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली काहीच फरक दिसत नाही. जास्त घातलं तर हिरवट झाक येते.

आणि हे स्टिल्बीनवालं द्रव्य पॉलिस्टर धरत नाही. टेरिकॉटला शुभ्र करायला दोन ब्राइटनर लागतात, पॉलिस्टरचा १३० अंशांवर किंवा थर्मोसॉलने. घरच्या बादलीत टेरिकॉटचा फक्त सुती तिसरा हिस्सा उजळतो.

कॉस्टिकने पॉलिस्टर रेशमासारखं कसं होतं?

कॉस्टिक आत शिरत नाही, बाहेरून कातरत जातं. धागा बारीक होतो, विणीत जागा मोकळी होते, कापडाला पडणं, म्हणजे मऊ झुळझुळीत लटकणं, येतं. सुरतेच्या पॉलिस्टर साड्यांचा मऊपणा यातलाच. हिशेब सोपा आहे: पॉलिस्टरच्या १९२ ग्रॅमला ८० ग्रॅम कॉस्टिक खर्च होतं. १०० किलो कापडाचं २० टक्के वजन उतरवायचं तर ८.३ किलो कॉस्टिक लागेलच. २० ते ४० ग्रॅम प्रति लिटर, ९५ ते १०० अंश, आणि दर दहा मिनिटांनी तुकडा वाळवून वजन. सूक्ष्म धागा भराभर उतरतो. कॅटायनिक (धन भाराचे) रंग घेणारं पॉलिस्टरही तसंच, त्याला प्रमाण निम्म्याने सुरू करा. शेवटी आम्ल घालण्याआधी दोन गरम धुणी द्या, नाही तर पाण्यातलं टेरेफ्थॅलिक आम्ल पांढरं होऊन कापडावरच बसतं.

पाणी-तेल न धरणारं फिनिश याच काळातलं का?

हो. १९५३ मध्ये थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लुओरोरसायन कॅनव्हासच्या बुटावर सांडलं आणि तो भाग काही केल्या भिजेना, मळेना. पॅट्सी शर्मन आणि सॅम्युअल स्मिथ यांनी त्यातून स्कॉचगार्ड उभं केलं, १९५६ मध्ये ते विक्रीला आलं. पण त्यातली पीएफओएस गटातली द्रव्यं निसर्गात तुटत नाहीत. २००० मध्ये कंपनीने ती बंद करायचं जाहीर केलं. फक्त पाणी रोखायचं असेल तर आता फ्लुओरिनविरहित फिनिश मिळतात. तेल रोखायला मात्र त्यांचा उपयोग होत नाही.

मिश्रण घरच्या घरी कसं ओळखायचं?

ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगवेगळा काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राखाडी राख उरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळून काळ्या धुराने जळतं, कडक काळा मणी उरतो. लोकर आणि रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. टेरिकॉट कापसासारखं पेट घेतं, पण राख बोटात चुरत नाही.

टक्केवारी प्रयोगशाळेत. अचूक वजन केलेलं कापड ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात ५० अंशांवर तासभर ठेवलं की कापूस विरघळतो, उरलेलं पॉलिस्टर धुऊन, वाळवून तोलतात. हे घरी करू नये.

जुनी टेरिकॉटची पँट विटली आहे. बाजारातल्या पुडीने घरी रंगवता येईल का?

पातेल्यात १०० अंशांपुढे जाता येत नाही आणि पुड्यांमधला रंग बहुधा कापसाचा असतो. फक्त कापूस रंगेल. काळ्या पुडीने पँट काळी न होता करडी, ठिपकेदार होईल, आणि शिवण पॉलिस्टरच्या दोऱ्याची असेल तर ती जुन्याच रंगाची राहून ओळीने दिसेल. कुकरमध्ये घालून १३० अंश गाठायचा खटाटोप करू नका. घरच्या कुकरची शिट्टी १२० च्या आसपासच होते, आणि त्या कुकरमध्ये नंतर वरण शिजवायचं असतं.